फ्रीजसाठी रिकामा केलेला कोपरा

पुसदला दुर्गोत्सवाच्या मंडपाशेजारी एक जण फवारणीचे पंप दुरुस्त करतो. नाव मी कधी विचारलं नाही. गेल्या वर्षी घटस्थापनेला त्यानं मंडळाच्या सोडतीचं पन्नास रुपयांचं तिकीट घेतलं, बोटांचं तेल पुसून ते मोबाईलच्या कव्हरमागे जपून ठेवलं, आणि माझ्यातला गणिताचा मास्तर जागा झाला. हजार तिकिटं, वीस हजारांचा एकच फ्रीज. म्हणजे एका तिकिटाची सरासरी किंमत वीस रुपये.

"तीस रुपये पाण्यात गेले तुमचे," मी म्हणालो.

"बरोबर हाय, सर," तो हसला.

फ्रीज अर्थातच दुसऱ्याला लागला. दसऱ्यानंतर दुरुस्तीला दिलेला माझा पंप आणायला गेलो, तर हा खुशीत.

"फ्रीज ठेवाले म्हणून बायकोनं कोपरा रिकामा केलता. धा वर्साची अडगळ गेली. आता तिथं पोरीनं अभ्यासाचा टेबल मांडला. सर, थे तुमच्या हिशोबात कोठी बसते?"

मी दुरुस्तीचे पैसे दिले आणि पंप उचलला.

आमच्याकडे फ्रीज आहे. तरी यंदा घटस्थापनेलाच मी तिकीट घेतलं, आणि घरी येऊन कोपरा रिकामा करायला बसलो.