दुपारी येणारे शामराव

कांताबाई कांबळे घरात एकट्याच राहायच्या. करी रोडची त्यांची चाळ पडली, टॉवर उभा राहिला आणि त्यांना अकराव्या मजल्यावर खोली मिळाली. नवरा शामराव गिरणी बंद झाल्यावर रे रोडला लाकडाच्या वखारीत वॉचमन होता. नंतर त्याला कंपवात झाला. हात असा थरथरायचा की चहाचा कप कांताबाईच त्याच्या ओठाला लावायच्या. गोळ्याही त्याच द्यायच्या. मागच्या वर्षी शामराव गेला. मुलगा राजरत्न, म्हणजे घरचा राजू, बायकोमुलांसह कल्याणला राहायचा, रविवारी यायचा.

एके दिवशी दर्शना आली. ट्रस्टच्या दवाखान्यातली ही मुलगी म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन ती औषधं नीट घेतात का, ते पाहायची.

"मावशी, जय भीम. घरात आहेत तेवढ्या सगळ्या गोळ्या माझ्यापुढे ठेवा. कुठली कधी घेता, ते तुमच्या तोंडून सांगा."

कांताबाईंनी पिशवी चादरीवर ओतली. प्रेशरची सकाळी, साखरेची जेवणाआधी. सगळं बिनचूक सांगितलं. दर्शना मान डोलवत होती. मग तिने एक पाकीट उचललं.

"ही कोणाची?"

"राजूच्या पप्पांची. आता मीच घेते."

"तुम्ही? कोणी सांगितलं?"

"कोण सांगणार? ते गेले आणि पंधरवड्यात माझा हात हलायला लागला. वाढताना पळीतली डाळ सांडली. म्हटलं, त्यांचंच माझ्यात आलं. शिल्लक होत्या त्या सुरू केल्या. संपल्या की मेडिकलवाला देतो, ओळखीचा आहे."

दर्शनाने पाकीट खाली ठेवलं नाही. आवाज हळू करून तिने विचारलं, "मावशी, या घेतल्यापासून काही वेगळं होतं का? चक्कर? काही दिसतं?"

कांताबाई चादरीवरच्या गोळ्या पिशवीत भरू लागल्या. ही गोष्ट त्यांनी राजरत्नलासुद्धा सांगितली नव्हती. बौद्धाच्या घरची बाई, बावीस प्रतिज्ञा पाठ असलेली. भूतखेत मानणाऱ्यांना विहारात त्यांनीच चार शब्द सुनावलेले. शेवटी त्या म्हणाल्या, "दुपारी ते येतात. त्या कॉटवर बसतात. बोलत नाहीत. वखारीतला खाकी शर्ट असतो अंगात. मी भूत मानत नाही गं. पण माणूस समोर बसलेला असल्यावर काय म्हणू?"

"भीती नाही वाटत?"

"घरच्या माणसाची कसली भीती?"

दर्शनाने समजावलं की या गोळ्यांनी कधीकधी नसलेली माणसं दिसतात, आणि म्हाताऱ्या माणसांना तर जास्तच. दुसऱ्या दिवशी तीच त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी तपासलं. कंपवात नव्हताच. दुःखाने, जागरणाने हात हलत होता. गोळ्या एकदम न थांबवता कमी करत बंद करायच्या, असं ठरलं.

कांताबाईंनी ऐकलं. न ऐकून कसं चाललं असतं? गेल्या महिन्यात मोरीत तोल जाऊन पडल्या होत्या. गोळी अर्धी झाली तसा शामराव पाठमोरा बसू लागला. मग नुसता शर्ट दिसायचा, आत कोणी नसल्यासारखा. एका दुपारी त्यांनी दोन कप चहा आणला आणि कॉट रिकामी होती. त्या कप हातात धरून उभ्याच राहिल्या. शामरावाला अग्नी दिला तेव्हा रडल्या नव्हत्या, त्या दिवशी रडल्या.

दर्शना पुन्हा आली तेव्हा तिने हात बघितला, प्रेशर घेतलं. सगळं ठीक होतं.

"आता दिसतात का मावशी?"

"नाही."

"चांगलं झालं."

"तुझ्या दृष्टीने चांगलंच, बाय," कांताबाई म्हणाल्या. "पण ते बसलेले असायचे तेव्हा मला भीती नव्हती. आता नाहीत, तर दुपारी या खोलीत थांबवत नाही."

दर्शना त्यांच्याजवळ सरकून बसली.

कांताबाईंची तब्येत आता चांगली आहे. पौर्णिमेला विहारात जातात, वंदना खणखणीत म्हणतात. मात्र दुपारचं जेवण झालं की दाराला कुलूप लावून लिफ्टसमोर खुर्ची टाकून बसतात. शेजारच्या बायका विचारतात, आत फॅनखाली का नाही पडत?

"आत करमत नाही," एवढंच त्या सांगतात.