शेळके नानांचा बर्फावरचा गडी

आमच्या कारखान्याच्या वजनकाट्यावर शेळके नाना मोबाईल खिडकीच्या गजाला टेकवून उभा करायचे आणि त्याच्याकडे पाठ करून बसायचे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस मोबाईलवर रुसलाय. बाहेर उसाच्या ट्रॉल्यांची रांग पार रस्त्यापर्यंत गेलेली, ड्रायव्हर लोक हॉर्न मारून मारून थकलेले आणि इकडे मोबाईलमध्ये एक सडपातळ तरुण पांढऱ्याशुभ्र बर्फावर घसरत चाललेला. नाना डोळे मिटून नुसते कान देऊन बसले होते. तरुणाने उडी मारली, हवेत चार गिरक्या घेतल्या आणि पायातल्या पात्याचा बर्फावर कर्र असा आवाज झाला. नानांनी मांडीवर थाप मारली. "उतरला! गडी नीट उतरला!" मग ते वळले आणि काहीच घडलं नसल्यासारखं पुढच्या ट्रॉलीला हात केला.

"नाना, त्यो नाचनारा ऱ्हाऊ द्या, आमचं वजन घ्या आधी," एक ड्रायव्हर ओरडला.

"तुझा ऊस काय पळून चाललाय व्हय?" नाना म्हणाले. "त्येला चार मिनिटं मिळत्यात. तुला आख्खा हंगाम हाय."

मी भिंगारचा. श्रीगोंदा तालुक्यातल्या या कारखान्यात केमिस्ट म्हणून नवाच आलो होतो. नाना मॅट्रिकपर्यंत शिकलेले, पन्नाशी ओलांडलेले, अंगात कायम खाकी स्वेटर. काट्यावर त्यांची जरब होती, कारण त्यांच्या पाळीत एक किलो इकडचा तिकडे होत नसे. काट्यावर बसलेल्या माणसाबद्दल शेतकरी चांगलं बोलतात हे मी फक्त त्यांच्याच बाबतीत ऐकलं. "सायब, भरलेली गाडी कुनीबी तोलतंय," ते मला सांगायचे. "रिकामी नीट तोलावी. खरं काय ते तितं कळतंय." अशा माणसाला परदेशातल्या एका बर्फावरच्या खेळाडूचं वेड कसं लागलं, याचं सगळ्या कारखान्याला हसू यायचं. मलाही यायचं. नाना एवढंच म्हणायचे, "आमच्या अश्विनीचा लई आवडता हाय त्यो."

ओळख वाढली तसं एक दिवस ते मोबाईल घेऊन प्रयोगशाळेत आले. पडद्याला कोपऱ्यात तडा गेलेला, मागच्या बाजूला चमकीची फुलपाखरं चिकटवलेली. "आमच्या अश्विनीच्या मैत्रिनी हायेत जगभर. समद्या त्या गड्याला मानत्यात. इंग्रजीत चार वळी लिवून देता का?"

म्हणजे या गड्याच्या बारा चाहत्यांचा मोबाईलवर गट होता. जपानातल्या मिचिकोबाई म्हाताऱ्या माणसांच्या दवाखान्यात नर्स होत्या. पोलंडमधल्या एकीची पावाची भट्टी होती, ब्राझीलमधली एक निवृत्त शिक्षिका. अशा अकरा देशांतल्या अकरा आणि बारावी श्रीगोंद्याची अश्विनी. त्यांचा एक रिवाज होता. गडी बर्फावर उतरायच्या आधी प्रत्येकीने आपापल्या खिडकीतून जे दिसतं त्याचा फोटो टाकायचा. बाराही खिडक्या आल्या की गडी पडत नाही, अशी त्या सगळ्यांची श्रद्धा. क्रिकेटची मॅच चालू असताना आपण बसलेल्या जागेवरून हलत नाही, त्यातलाच प्रकार. नाना काट्याच्या खिडकीतून फोटो काढून टाकायचे. उसाच्या मोळ्या, धुरकट सकाळ, ट्रॉलीवर बसून भाकरी खाणारी ऊसतोडीची माणसं. त्या बायका त्यावर जीव ओवाळून टाकायच्या.

मला वाटलं, पोरगी इंग्रजीत कच्ची असेल. मोबाईल भाषांतर करून देतो, पण त्यावर नानांचा विश्वास नव्हता. मी आनंदाने लिहू लागलो. तिचे जुने निरोप वाचून तिची ढब उचलली. ती प्रत्येक वाक्याला हसायची, गडी पडला की 'मी आज जेवणार नाही' असं लिहायची आणि दुसऱ्या मिनिटाला काय जेवली ते सांगायची. मला ती पोरगी आवडायला लागली होती. दोन महिने मी तिच्या वतीने लिहिलं. 'आज मला सर्दी झालीय, पण मी बघणार म्हणजे बघणार' असं एका सकाळी लिहिलं आणि त्याच दुपारी नानांनी मला घरी जेवायला नेलं.

शेतातलं दोन खोल्यांचं घर. काकूंनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला. समोरच्या भिंतीवर दोन वेण्या घातलेल्या हसऱ्या मुलीचा फोटो होता आणि त्याला चंदनाचा हार घातलेला.

"ही कोण?" मी विचारलं. उत्तर मला आधीच कळलं होतं.

"अश्विनी," काकू म्हणाल्या. "डेंग्यूनं गेली. दोन वर्षं व्हतील आता."

सकाळी मी जिची सर्दी लिहिली होती, तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. नाना माझ्याकडे बघत नव्हते, भाकरीचा तुकडा मोडत बसले होते. त्या दिवशी मी काय जेवलो ते मला आठवत नाही. भीती मात्र आठवते. भर दुपारची.

परतताना बांधावर नाना बोलले. अश्विनी आजारी पडली तेव्हा तिने मैत्रिणींना ताप आल्याचं कळवलं होतं. नेमकी त्याच आठवड्यात स्पर्धा होती. अकरा खिडक्या आल्या, बारावी आली नाही आणि गडी दोनदा पडला. मग पोरगी गेली. दहावं झालं. त्यानंतर एके दिवशी कपाटात ठेवलेला तिचा मोबाईल वाजला. मैत्रिणी विचारत होत्या, बरी आहेस का? नानांना तो निरोप बंद करायचा होता. त्यांचा जाड अंगठा भलतीकडेच पडला आणि पडद्यावर लाल बदाम उमटून तिकडे गेला.

"आन् सायब, बदामच बदाम आले. समद्या रडाया लागल्या, आली आली म्हनून. साऱ्या दुनियेत त्या अकरा बायांनाच वाटत हुतं की माझी पोर हाय. मी त्यास्नी कसं सांगू, न्हाई म्हनून? मी खिडकीचा फोटो काढला आन् दिला धाडून. तवापास्नं तुमी येईस्तवर नुसतं फोटो आन् बदाम धाडत हुतो."

शहाण्या माणसाने तिथेच हात जोडले असते. मी जोडले नाहीत. पुढची पाच वर्षं मी अश्विनी झालो. मी तिला बी.ए. केलं, तिच्यासाठी दोन मांजरं पाळली. मैत्रिणी लग्नाचं विचारू लागल्या तेव्हा नाना म्हणाले, "कर्जतला देऊ. लई लांब नगं." ते लग्न मी माझ्या बहिणीच्या लग्नावरून लिहून काढलं. मांडव, हळद, पाठवणी, सगळं. नाना शेजारी बसून दुरुस्त्या सांगत होते. "निळ्या फाटकाचं घर लिवा. आन् सासू चांगली लिवा." पाठवणीचं वाक्य लिहिताना ते उठून बाहेर गेले आणि रिकाम्या काट्याजवळ बराच वेळ उभे राहिले.

मध्यंतरी मला कामासाठी कर्जतला जावं लागलं. बसस्थानकावरून चालताना माझं लक्ष सारखं घरांकडे जात होतं. निळं फाटक शोधतोय हे ध्यानात आल्यावर मी तिथेच थांबलो. एका घराला होतं निळं फाटक. आत कुणीतरी बाई धुणं वाळत घालत होती, पाठमोरी. ती वळायच्या आत मी तिथून निघालो. अजूनही कर्जतला जायचं म्हटलं की मी दुसऱ्या कुणाला तरी पाठवतो.

पुढच्या हंगामात नाना म्हणाले, "लिवा, दिवस गेल्यात."

"नाना, आता थांबा. हे फार होतंय."

"काटा खोटं बोलत न्हाई सायब, म्हाईत हाय मला," ते म्हणाले. "पन बापानं लेकीचं एवढंबी करू नये व्हय?"

मी लिहिलं. आपल्याकडे बाळंतविडा देतात, तेही हौसेने लिहिलं. झबली, टोपडी, दुपटी. ही चूक माझी. नानांच्या डोक्यातही ते नव्हतं.

चार महिन्यांनी पोस्टातून खोकं आलं, ते नाना कामावर असताना. काकूंनी उघडलं. नानांना निरोप आला तसे आम्ही दोघं घरी गेलो. खाटेवर काकूंनी सगळं ओळीने मांडून ठेवलं होतं. अकरा देशांतून मिचिकोबाईंकडे गोळा झालेलं आणि तिथून एकत्र पाठवलेलं. विणलेले पायमोजे, पिवळं स्वेटर, कान असलेली टोपी, अंगठ्याएवढ्या बाह्यांचं झबलं. इतकी वर्षं नाना फोटो पाठवतात एवढंच काकूंना माहीत होतं. लग्न, बाळ यातलं काहीही माहीत नव्हतं. खोक्यातल्या चिठ्ठीतले शब्द मला वाचून दाखवावे लागले. 'अश्विनीच्या बाळाला, अकरा मावश्यांकडून.'

काकू ओरडल्या नाहीत. त्या पिवळ्या स्वेटरवरून हात फिरवत होत्या.

"दहाव्याला कावळा शिवत नव्हता," त्या म्हणाल्या. "दोन तास बसलो हुतो आपन नदीवर. शेवटी तुमी हात जोडून म्हनला, बाय, तुझं काय ऱ्हायलं आसंल ते मी बघतो, तू जा. मंग शिवला. म्हनला हुता का न्हाई?"

"म्हनलो हुतो."

"ती गेली हो. तुमी तिला जाऊ दीना. लगीन केलं, आता बाळात गुतवताय. आजून किती दिस भटकवायची पोर?"

नाना खाली बसले. त्यांना इतकं लहान झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मीही तिथे चोरासारखा उभा होतो, कारण त्या पोरीला कर्जतच्या घरात कोंडणारा हात माझाच होता.

दुसऱ्या दिवशी नानांनी माझं इंग्रजी घेतलं नाही. काट्याच्या केबिनमध्ये बसून एकेक अक्षर शोधत त्यांनी मराठीतच लिहिलं. 'अश्विनी सात वर्षामागं तापानं वारली. लगीन झालं नाही. बाळ नाही. एवढे दिवस मी तिचा बाप लिहत होतो. माफी करा.' मग म्हणाले, "त्यांचा मोबाईल करंल काय करायचं ते." इतकी वर्षं त्यांच्यासाठी लिहिणारा मी होतो, हे त्यांनी कुठेही येऊ दिलं नाही.

चार दिवस तिकडून काहीच आलं नाही. नाना काट्यावर यायचे, वजनं घ्यायचे, मोबाईलला हात लावायचे नाहीत. पाचव्या दिवशी मिचिकोबाईंचा निरोप आला. मी वाचून दाखवला. 'आम्ही अकराही जणी अश्विनीसाठी रडलो. आम्हाला राग आला, नाही असं नाही. एकीने गट सोडला. पण सात वर्षं रोज आमच्याशी कुणीतरी बोलत होतं, आमच्या आजारपणात विचारपूस करत होतं. तुमचं नाव काय?'

सात वर्षांत त्यांना हे पहिल्यांदाच कुणी विचारलं होतं. मला वाटलं, नाना मोकळे होतील. त्यांनी मात्र मोबाईल माझ्या हातातून ओढून घेतला.

"हे नगं," ते म्हणाले. "माझं नाव तितं लागलं की तिचं उतरलं. मंग कुटंच न्हाई ती."

मी खूप समजावलं. त्यांनी मोबाईल बंद करून खिशात टाकला, तो पुन्हा माझ्यासमोर कधी काढला नाही. त्या हंगामात गडी तीन वेळा बर्फावर उतरला. नाना ट्रॉल्या तोलत राहिले. कुणी चेष्टा केली नाही. कुणाला काही ठाऊक नव्हतं, तरी केली नाही.

हंगाम संपायला आठवडा होता. सकाळी दहाच्या सुमारास भरलेली ट्रॉली काट्यावर उभी होती आणि ड्रायव्हर चिठ्ठीची वाट बघत होता. चिठ्ठी येईना म्हणून त्याने खिडकीतून डोकावलं. नाना खुर्चीतच गेले होते.

तेराव्यानंतर काकू प्रयोगशाळेत आल्या. पदराखाली तो फुलपाखरांचा मोबाईल.

"त्या बायांना कळवा," म्हणाल्या. "वाट बगत आसतील."

मी मोबाईल सुरू केला. मिचिकोबाईंचा प्रश्न सगळ्यात खाली तसाच होता. त्यानंतर कुणीच काही लिहिलं नव्हतं, खिडकीचा फोटोही टाकला नव्हता. मी काकूंना सांगितलं की त्या नाव विचारत होत्या आणि नानांनी दिलं नाही. का दिलं नाही, तेही सांगितलं. त्या पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "खुळं मानूस. येगळं कशापायी द्यायचं? पोरीचं नाव लिवा. शाळेत लिवतात तसं, आख्खं लिवा."

नाना गेल्याचं कळवलं आणि पुढे लिहिलं, 'अश्विनी बबन शेळके.'

आणि त्याखाली कुणाच्याही वतीने नव्हे, माझं माझं, इंग्रजीत एक वाक्य लिहिलं. आमच्याकडे मुलीच्या नावात मधलं नाव बापाचं असतं.