हळदीच्या गाण्यांचं बटन

मस्तगडला राहत असताना मी धाकट्या बहिणीच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. तिची मेनू असलेली, म्हणजे पडद्यावरचं बटन दाबून हवा तो प्रसंग लावता येईल अशी डीव्हीडी करायची होती. त्यासाठी मित्राकडून दोन सॉफ्टवेअर आणली. पहिल्यात गुलाबाची फुलं, सोनेरी चौकटी असं सगळं तयार होतं, पण नावं इंग्रजीतच टाकावी लागत; मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन उमटत. दुसरं अगदी साधं होतं. मला पहिलंच आवडलं.

त्याच आठवड्यात हसनाबादची आत्या आली. मी कौतुकानं तिला मेनू दाखवला. ती म्हणाली,

"लई छान हाय. पण मला वाचता येत न्हाई. मंग हळदीची गाणी कुठं हायेत, ते मला कसं कळावं?"

त्या गाण्यांत तिची थोरली बहीण, म्हणजे माझी मोठी आत्या, गात होती. त्या लग्नानंतर वर्षभरातच ती गेली.

दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बटनाच्या जागी फिल्ममधलं कुठलंही चित्र बसवता येत होतं. आत्याला शेजारी बसवून आम्ही चित्रं निवडली: मांडव, पंगत, आणि हळदीसाठी मोठ्या आत्याचा चेहरा.

तयार झालेली एक डीव्हीडी आत्याला दिली. पुढे मी हसनाबादला गेलो, तेव्हा तिनं मला रिमोटला हात लावू दिला नाही.

"बस तू. मला जमतंय बराबर."

तिनं बहिणीच्या चेहऱ्यावर जाऊन बटन दाबलं आणि हळू आवाजात तिच्यासोबत गाऊ लागली. गाणी संपल्यावर तिनं पंगतीच्या चित्राचं बटन दाबलं, आणि वाढणाऱ्या बायका कोण कुठल्या, ते मला सांगत बसली.