दगडी खोलीतला फ्रिज

अँजेला तुस्कानोला उन्हाची भीती वाटायची. वसईच्या भुईगावातून शारजाला आली तेव्हा वाटत नव्हती. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती, हॉटेलात खोल्या आवरायची आणि ऑगस्टच्या भर दुपारीही बसस्टॉपवर मैत्रिणींशी खिदळत उभी राहायची. भीती शिरली ती तिची लेक बेव्हर्ली नऊ वर्षांची असताना. पोर आठवडाभर घटाघटा पाणी पीत होती, दिवसेंदिवस वाळत चालली होती, आणि एका सकाळी शाळेच्या बसमध्येच कोसळली. डॉक्टर म्हणाले, हिच्या शरीरात इन्शुलिन तयारच होत नाही. आता जन्मभर दिवसातून चार-पाच वेळा सुई. घरी सोडताना नर्सने बजावलं, "एक लक्षात ठेवा, उन्हात राहिलं की हे औषध मेलं."

ते 'मेलं' अँजेलाच्या मनात रुतून बसलं. एकदा नवरा, केनेथ, इन्शुलिनची पिशवी गाडीत वीस मिनिटं विसरला, तर तिने आतली सगळी टोचायची पेनं कचऱ्यात टाकली आणि दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. अल नहदाच्या त्यांच्या इमारतीत लाइट गेली की ती अकरा मजले उतरून समोरच्या किराणावाल्याच्या फ्रिजात औषध ठेवून यायची. डॉक्टर सांगून थकले, की चालू असलेलं पेन महिनाभर खोलीत राहिलं तरी चालतं, फक्त कडक उष्णता नको. पण अँजेलाचा नियम एकच. औषध फ्रिजातच.

बेव्हर्ली कॉलेजात गेली त्या वर्षी अँजेलाला रास अल खैमाच्या डोंगरातल्या एका कॅम्पवर हाउसकीपिंग सुपरवायझरची नोकरी मिळाली. वर, कड्याच्या टोकाला, दहा दगडी कॉटेज. ऑक्टोबर ते एप्रिल सीझन. दोन आठवडे वर राहायचं, चार दिवस घरी. स्वयंपाकघर एवढंसं होतं, म्हणून मोठा फ्रिज मागच्या दगडी कोठीत ठेवलेला. कोठीला ना हीटर, ना ऊन. तिथे उभं राहिलं की जमिनीतून गारवा पायात चढायचा.

गेल्या जानेवारीत थंडीची लाट आली. खाली शारजात लोक नुसते स्वेटर शोधत होते, वर मात्र सकाळी गाड्यांच्या काचांवर बर्फाचा पातळ पापुद्रा दिसायला लागला. शुक्रवारी सकाळी अँजेलाने फ्रिजचा वरचा फ्रीजर उघडला. चिकन मऊ पडलं होतं. मटारची पाकिटं लिबलिबीत. दाराच्या कडेने लालसर पाणी ओघळत होतं.

तिने मेंटेनन्सच्या जहूरला बोलावलं. पेशावरकडचा जहूर, बोलायला मोजका. त्याने फ्रिजच्या पाठीला हात लावला, कान लावला.

"मशीन ठीक है, बाजी. कमरा खराब है."

"म्हणजे?"

"इसका दिमाग नीचे है, फ्रिज में. नीचे कमरे की वजह से ठंडा ही ठंडा. तो ये समझता है काम खलास, मोटर चालू नहीं करता. ऊपर बर्फ पिघल गया. मंगलवार को आदमी आएंगे, फिर किचन में शिफ्ट करेंगे, इन्शाल्ला."

मंगळवार! शनिवार-रविवारी दहाच्या दहा कॉटेज भरणार होती. विरघळलेलं सगळं तिने फेकलं, कॅम्पचे मॅनेजर संजय सर यांनी खालून नवं मांस मागवलं आणि बजावलं, "अँजेला, हे वाया गेलं तर मला वर उत्तर द्यावं लागेल." दुपारी तिने फ्रिजातला थंडावा कमी-जास्त करायचा गोल खटका एक वरून थेट सातवर फिरवला. मोटर घुर्र करून चालू झाली. संध्याकाळपर्यंत फ्रीजर कडक गोठला. अँजेलाला हायसं वाटलं.

त्याच संध्याकाळी बेव्हर्ली आली. परीक्षा संपली होती, आईला भेटून दोन आठवडे होत आले होते. केनेथने तिला वर सोडलं आणि शनिवारची ड्युटी म्हणून तो परत गेला. स्टाफच्या घरच्यांनी कॅम्पवर मुक्काम करायचा नाही असा लेखी नियम होता. अँजेलाने आयुष्यात मोडलेला हा बहुधा पहिला नियम. लाँड्रीमागच्या आपल्या खोलीत तिने लेकीला ठेवलं आणि कुणाला सांगितलं नाही.

रात्रीच्या जेवणाआधी बेव्हर्लीने सुई घेतली. मग अँजेलाने हात पुढे केला. "दे इकडे दोन्ही पेनं. फ्रिजात ठेवते."

"ममा, इट्स फ्रीझिंग हिअर. बाहेरच राहू दे ना."

"नको, बाय. गप दे."

तिने दोन्ही पेनं, जेवणाआधीचं आणि दिवसभर पुरणारं, स्टीलच्या डब्यात घातली आणि डबा फ्रिजात सगळ्यात मागे, भिंतीला टेकवून ठेवला. मागे थंडावा जास्त, हे तिला ठाऊक होतं.

शनिवारी सकाळी सात वाजता तिने डबा बाहेर काढला आणि न उघडताच नेहमीसारखा शेगडीपासून हातभर अंतरावर ठेवला. गार इन्शुलिन टोचताना झोंबतं, म्हणून. ती चादरी मोजायला गेली. साडेआठला बेव्हर्लीने दोन्ही सुया घेतल्या आणि पराठा खाल्ला. बाहेर पाऊस लागला होता, ढग कॉटेजांच्या दारापर्यंत उतरले होते.

अकरा वाजता बेव्हर्लीच्या दंडावरच्या, रक्तातली साखर मोजणाऱ्या सेन्सरने फोनवर तीनशे चाळीस दाखवले. "पराठ्यामुळे असेल," ती म्हणाली आणि तिने आणखी युनिट घेतले. बाराला आकडा खाली यायच्या ऐवजी वर गेला. तिने सुई बदलली, जागा बदलली, पुन्हा घेतलं. एक वाजता फोनवर आकडाच येईना, नुसतं 'हाय' अशी अक्षरं आली. म्हणजे मोजता येण्यापलीकडे. मग तिला उलट्या सुरू झाल्या.

अँजेलाने तिच्या तोंडाजवळ नाक नेलं. सडक्या सफरचंदासारखा गोडसर वास. दहा वर्षांपूर्वी शाळेच्या बसमधून उचलून आणलेल्या पोरीच्या श्वासाला हाच वास होता.

"ममा, इट्स नॉट वर्किंग," बेव्हर्ली पुटपुटली. "इन्शुलिन इज नॉट वर्किंग."

अँजेला धावत कोठीत गेली. का गेली, ते तिला तेव्हा कळलं नव्हतं. तिने फ्रिज उघडला आणि जिथे रात्री डबा होता तिथे हात घातला. शेजारची पाण्याची बाटली तिने उचलली. आतलं पाणी हललं नाही. दगड झालं होतं. मागच्या भिंतीवर बोटभर बर्फ होता, दुधाची पिशवी विटेसारखी टणक. खटका सातवर. तिने स्वतः फिरवलेला.

नर्सने उन्हाचं सांगितलं होतं. गोठलं तरी ते मरतं, हेही बहुधा तिने सांगितलं असेल, पण या देशात कुणाचं काय गोठणार म्हणून अँजेलाने कानाआड केलं होतं. गोठून पुन्हा पाणी झालेलं औषध दिसायला स्वच्छ होतं. आणि तेच ती पोर सकाळपासून टोचून घेत होती.

क्षणभर तिला वाटलं, इथेच या गार जमिनीवर बसावं आणि उठूच नये. मग ती मागे फिरली.

तिने ॲम्ब्युलन्सला फोन केला. पलीकडच्या बाईने शांतपणे सगळं विचारून घेतलं आणि मग सांगितलं, की घाटात दरड पडली आहे, रस्ता बंद आहे, मशीन काम करतंय. दोन तास तरी लागतील, कदाचित तीन. तिने फोन डॉक्टरला जोडून दिला. डॉक्टर म्हणाले, "घोट घोट पाणी देत राहा. तिला झोपू देऊ नका. आसपास कुणाकडे इन्शुलिन आहे का बघा. मिळालं तर मला विचारल्याशिवाय देऊ नका."

आसपास कोण? दहा कॉटेजमधले पाहुणे. त्यांच्या दारावर थाप मारायची म्हणजे लपवून ठेवलेली लेक, मोडलेला नियम, सगळं उघडं. बावीस वर्षं तिने पाहुण्यांशी "गुड मॉर्निंग" आणि "एनीथिंग एल्स, मॅडम" यापलीकडे शब्द काढला नव्हता. अँजेलाने जहूरला लेकीजवळ बसवलं. "सोने मत देना. बात करते रहो." आणि भर पावसात ती बाहेर पडली.

पहिल्या कॉटेजमध्ये कुणी दार उघडलं नाही. दुसऱ्यात एका तरुणाने मान हलवली. तिसऱ्यात गोऱ्या बाईला 'इन्शुलिन' कळलं, पण तिच्याकडे डोकेदुखीच्या गोळ्या होत्या. चौथ्याचे पाहुणे अजून पोचलेच नव्हते. पाचव्या दाराशी तिला संजय सर भेटले, छत्री घेऊन.

"अँजेला, काय चाललंय हे? पाहुण्यांनी फोन केला मला."

"सर, माझी मुलगी इथे आहे. ती मरेल."

ते शब्द तोंडातून बाहेर पडले तेव्हाच तिला ते खरे वाटले. "तू त्या बाजूने जा," संजय सर म्हणाले, "मी या बाजूने विचारतो."

नमो मरिये, कृपापूर्णे. प्रार्थनेचे पुढचे शब्द तिला आठवत नव्हते. एवढेच पुन्हा पुन्हा म्हणत ती आठव्या कॉटेजपाशी पोचली. दार एका म्हाताऱ्या अरब बाईने उघडलं. अंगात काळा पायघोळ अबाया, पायात लोकरी मोजे. तिचं नाव उमैमा. खोर फक्कानहून मुलांसोबत थंडी बघायला आली होती. जुन्या पिढीतल्या तिथल्या बऱ्याच माणसांसारखं तिला हिंदी येत होतं.

"इन्शुलिन? हाँ, मेरे पास है. दो है. क्या हुआ बेटी?"

टेबलावरच्या पर्समधून तिने पेन काढलं. न उघडलेलं, खोक्यासकट. अँजेलाने नाव वाचलं. बेव्हर्लीचंच, जेवणाआधीचं. खोका तिच्या हातातून निसटून खाली पडला.

"ये... ये फ्रिज में था?" तिने घाबरत विचारलं.

"इधर फ्रिज का क्या काम? बैग में था. कमरे में हीटर है." उमैमाने पायात चपला सरकवल्या. "यल्ला, चलो. मैं भी आती हूँ."

डॉक्टरांनी फोनवर पेनचं नाव आणि तारीख वाचून घेतली, युनिट सांगितले, आणि तासाभराने पुन्हा फोन करायला सांगितलं. सुई बेव्हर्लीला स्वतःला धरता येईना. अँजेलाने टोचली. मग वाट बघणं सुरू झालं. सकाळचं इन्शुलिन काम करत नव्हतं तेव्हाही ती अशीच बसली होती; आता हेही निकामी असलं तर? फोनवर 'हाय'. दहा मिनिटांनी 'हाय'. बेव्हर्ली जोरजोराने श्वास घेत होती, डोळे मिटत होती, आणि दर वेळी अँजेला तिच्या गालावर चापट मारत होती. उमैमा पलंगाच्या कडेला बसून मुलीचे तळवे चोळत होती. जहूर दारात उभा होता, पाठमोरा.

पंचेचाळीस मिनिटांनी आकडा आला. चारशे नव्वद. एवढा भयंकर आकडा बघून आनंदाने रडणारी आई त्या डोंगरावर दुसरी झाली नसेल.

पावणेचारला दरड हटली, ॲम्ब्युलन्स वर आली. हॉस्पिटलात बेव्हर्ली तीन दिवस होती, त्यातला पहिला दिवस आयसीयूत. केनेथ धावत आला. अँजेलाने त्याला दारातच सगळं सांगितलं: फ्रिजचं, खटक्याचं, मागच्या भिंतीचं. तो म्हणाला, "मी गाडीत विसरलो होतो तेव्हा तू दोन दिवस बोलली नव्हतीस." आणि तिला जवळ घेतलं.

संजय सरांनी मेमो दिला. नियम तो नियम. पण फ्रिज मंगळवारची वाट न बघता रविवारीच स्वयंपाकघरात आला, त्यासाठी तिथलं ओट्याशेजारचं कपाट तोडावं लागलं. अँजेलाने एप्रिलपर्यंत सीझन पूर्ण केला आणि नंतर ती वर गेली नाही. आता ती नहदाजवळच्या एका शाळेत काम करते. उमैमाला ती ईदला फोन करते. दोघींना एकमेकींचं निम्मं बोलणं कळतं.

घरी आल्यावर बेव्हर्लीने एक गोष्ट ठरवली. "ममा, फ्रॉम नाऊ आय विल कीप माय ओन इन्शुलिन. प्लीज." चालू पेन तिच्या बॅगेत राहील, राखीव साठा फ्रिजच्या दारात, आणि त्याला हात लावायचा तो तिनेच. अँजेलाला रागही आला नाही. दहा वर्षं जपलेला डबा तिने लेकीच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसली, घासलेलीच.

तिची भीती गेली, असं म्हणता येणार नाही. तिला आता उन्हाची वाटते तशीच गारठ्याचीही वाटते. पण बेव्हर्ली सकाळी कॉलेजला निघाली, की तिच्या बॅगेत डोकावायचं नाही, एवढं ती पाळते. दार लागेपर्यंत ती सिंककडे तोंड करून उभी राहते, आणि नळ चालू ठेवते.