‘नाही’ ऐकायला येणारे गृहस्थ

“दम्याला खरंच उपयोग होतो का हो याचा?”

यंत्राच्या वरच्या जाळीवर तळहात धरून ते विचारायचे. थंडीत शेकोटीवर हात धरावा तसा. आणि मी म्हणायचो, “शंभर टक्के, काका.”

ते खोटं होतं. बोलताना मला ते माहीत होतं, म्हणून आज हे लिहायला बसलो आहे. दुकानातले सहकारी म्हणतात, विकणाऱ्याला एवढं बोलावंच लागतं. लागत असेल. पण माझी खरी चूक त्याआधीची आहे. हा माणूस हे कुणासाठी विचारतोय, हे मी त्यांना एकदाही विचारलं नाही.

बाजीराव रस्त्याजवळच्या एका उपकरणांच्या दुकानात मी बरीच वर्षं विक्री विभाग सांभाळतो. पूर्वी मिक्सर, गिझर, पंखे होते. मग हवा शुद्ध करणारी यंत्रं आली आणि मालकांनी त्यांच्यासाठी काचेची एक छोटी खोली करून घेतली. गिऱ्हाईक आत आलं की आम्ही उदबत्ती पेटवून यंत्राजवळ धरायचो. निळा दिवा लाल व्हायचा, पंखा घोंघावायचा आणि थोड्या वेळाने दिवा पुन्हा निळा. लोक खूश. तुम्हीही कुठेतरी हा खेळ पाहिला असेल.

काका शनिवार पेठेतून चालत यायचे. पूर्ण बाह्यांचा शर्ट, वर बिनबाह्यांचा स्वेटर, हातात कापडी पिशवी. खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झाले होते. पहिल्याच दिवशी उदबत्तीचा खेळ पाहून म्हणाले, “उदबत्ती विझवल्यावर धूर कमी झाला. छान. आमच्या देवघरात हा चमत्कार यंत्राशिवाय होतो.”

मला ‘हवावाले’ म्हणायचे. “काय हवावाले, आज कुठली हवा आलीय? महाबळेश्वर की कात्रज?” असं विचारत काचेच्या खोलीतल्या स्टुलावर बसायचे. “पुण्याच्या हवेसाठी लोक निवृत्तीनंतर इथे राहायला यायचे. आता तीच हवा तुम्ही खोक्यात घालून विकताय. धन्य आहे.”

त्यांना स्वतःला धुळीचा त्रास होता. शिंका सुरू झाल्या की थांबायच्या नाहीत. तेव्हा ते एक हात वर करून समोरच्याला ‘थांबा’ अशी खूण करायचे, सगळ्या शिंका संपवायचे आणि अर्धवट राहिलेलं वाक्य नेमकं तिथूनच पुढे सुरू करायचे. मला त्याची गंमत वाटायची. काचेच्या खोलीत बसलं की शिंका जरा कमी होतात, हे मात्र ते मान्य करायचे. “नाकाला बरं वाटतं. खोटं कशाला बोलू?” आणि मग लगेच ठरलेला प्रश्न. “पण दम्याला होतो का उपयोग?”

जवळजवळ रोज यायचे. घ्यायचे काहीच नाहीत. एकदा एक तरुण जोडपं घेण्याच्या बेतात होतं. काका स्टुलावरून म्हणाले, “घ्या, घ्या. फक्त खिडक्या लावा, दारं लावा, फोडणी देऊ नका आणि पाहुणे बोलावू नका. हवा अगदी शुद्ध राहील.” जोडपं हसलं आणि विचार करून येतो म्हणून निघून गेलं. पुन्हा आलं नाही.

मालकांनी मला बोलावून घेतलं. “त्या म्हाताऱ्याला एक तरी विका, नाहीतर येणं बंद करा. धर्मशाळा नाहीये आपली.”

तसा मी कठोर नाही. पण मला ते दोन्ही एकदमच करायचं सुचलं. यंत्र घरी गेलं की हे इथे कशाला येतील?

दुसऱ्या दिवशी दुकानात गर्दी नव्हती. काका आले, पण टोमणा मारला नाही. खाली बघत म्हणाले, “हवावाले, आज विक्री बाजूला ठेवा आणि मला खरं सांगा. जुना दमा असेल आणि हे वेळेवर घरात आणलं, तर माणूस वाचतो का?”

मी माझ्या मुलीचं नाव पुढे केलं. होय, तेच केलं. म्हणालो, “काका, माझ्याच घरचं सांगतो. मुलीला लहानपणापासून दमा. हे यंत्र तिच्या खोलीत ठेवलं आणि तिचा इनहेलरचा पंप बंद झाला. शंभर टक्के.”

यातला दमा आणि यंत्र एवढंच खरं होतं. मुलीच्या खोलीत ते होतं, आणि सकाळी अंथरूण झटकताना तिला येणाऱ्या शिंका त्याने कमीही झाल्या होत्या. पण पंप ती सकाळ-संध्याकाळ घेतच होती. तिच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बजावलं होतं, “यंत्र ठेवायचं तर ठेवा, धूळ कमी होईल. पण ते औषध नाही. पंप थांबवायचा नाही.” हे मी घरी रोज पाहत होतो आणि दुकानात त्याच्या उलट सांगत होतो.

काकांनी हातातली कापडी पिशवी स्टुलावर ठेवली. मग म्हणाले, “मग द्या एक.”

मी ते माझं यश समजलो. मालकांनी पाठीवर थाप मारली. त्यानंतर काका दुकानात आले नाहीत. काचेच्या खोलीतलं स्टूल मी बाहेर काढून ठेवलं. पहिले काही दिवस दार उघडलं की मी मान वर करायचो. नंतर तेही सुटलं.

काही महिन्यांनी शनिवार पेठेत एका गिऱ्हाइकाकडे गेलो होतो. परत येताना काकांची इमारत लागली. जाळी साफ करून देण्याच्या निमित्ताने वर गेलो.

दार उघडताच ते म्हणाले, “या हवावाले! चपला राहू द्या पायात. या तशाच.” मग आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. “थांबा, बघा हं आता.”

मी त्या खोलीत पाऊल टाकलं. यंत्राचा दिवा निळ्याचा लाल झाला, पंखा घोंघावू लागला. काकांचा चेहरा उजळला.

“कुणी आलं की लाल होतो. रस्त्याची धूळ येते ना बरोबर. नाहीतर निळाच असतो, सकाळपासून रात्रीपर्यंत निळा. कंटाळा आला की मी दार उघडं ठेवून मिरचीची फोडणी देतो. मग जरा आरडाओरडा करतो तो. घरात कुणी असल्यासारखं वाटतं.”

मी हसलो आणि तेवढ्यात खोली नीट पाहिली. ती त्यांची खोली नव्हती. एक पलंग होता. त्यावर धुतलेली चादर ताणून घातलेली. उशाला बाईमाणसाचा चष्मा, औषधांचा डबा, वाफ घ्यायचा मास्क. भिंतीवरच्या खुंटीला घडी केलेली शाल. खिडकी घट्ट लावलेली. समोर जुनी इमारत पाडून नव्या इमारतीचं काम चाललं होतं, त्याचा हिरवा पडदा काचेपलीकडे फडफडत होता. काकांचं अंथरूण बाहेरच्या खोलीत जमिनीवर गुंडाळून ठेवलेलं होतं. यंत्र पलंगाच्या उशाशी होतं.

“ताईची खोली,” ते म्हणाले. “थोरली बहीण. दोघांनीही लग्न केलं नाही. जन्मभर एकमेकांशी भांडलो आणि एकत्र राहिलो. तिला दमा. समोरचं पाडकाम सुरू झालं आणि तिचा त्रास वाढला. पेपरातली जाहिरात कापून आणली तिने. म्हणाली, हे घेऊ या का रे? मी काय म्हणालो असेन?”

त्यांनी चादरीची एक सुरकुती सरळ केली.

“म्हणालो, अगं, खिडकी उघड की, हवा फुकट आहे. विनोद केला. तिने पुन्हा विषय काढला नाही. त्याच थंडीत गेली.”

ते आत जाऊन आल्याचा चहा घेऊन आले. कपबशी माझ्या हातात देत अगदी सहज म्हणाले, “तुमच्या दुकानात मी त्यासाठीच यायचो. मनात होतं, कुणीतरी एकदा म्हणावं, नाही हो, असल्या यंत्राने दमा जात नाही. म्हणजे सुटलो. पण तुम्ही प्रत्येक वेळी म्हणायचात, शंभर टक्के. आणि मग तुमच्या मुलीचं सांगितलंत. तेव्हा खात्रीच झाली, चूक माझीच. कशी आहे ती?”

“बरी आहे,” मी म्हणालो.

मला तेव्हाच बोलता आलं असतं. वाक्य तोंडात तयार होतं. पण माझ्या हातात त्यांचा चहा होता, ते माझ्या मुलीची चौकशी करत होते, आणि मी घाबरलो. जाळी काढून झटकली, पुन्हा बसवली, “दर महिन्याला साफ करत जा” असं सांगितलं आणि जिना उतरलो. खाली आल्यावर वर पाहिलं. लावलेल्या खिडकीत एक निळा ठिपका दिसत होता. मी बाहेर पडलो होतो, म्हणून तो निळा झाला होता.

त्यानंतर मी ती गल्ली टाळू लागलो. एकदा मंडईत काका दिसले. गवारीच्या शेंगा निवडत होते. “काय हवावाले!” अशी हाक आली. मी हात केला आणि घाईत असल्यासारखा पुढे गेलो. मागे वळून पाहिलं तर ते भाजीवाल्या बाईंशी बोलायला लागले होते. बाई दुसऱ्या गिऱ्हाइकाला वजन करून देत होत्या. काका तरी बोलतच होते.

मग एके दिवशी माझ्याच घरात ते घडलं. कॉलेजची परीक्षा जवळ आली होती आणि मुलगी दार-खिडक्या लावून अभ्यास करत होती. अभ्यासाच्या नादात दोन-तीन दिवस पंप घ्यायचा राहिला होता. दुपारी तिच्या खोलीतून विचित्र शिट्टीसारखा आवाज आला. जाऊन पाहतो तर ती टेबलाला धरून उभी, खांदे वर खेचलेले, ओठ पांढरे. आम्ही तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. वाफ दिली, इंजेक्शन दिलं, संध्याकाळपर्यंत ती बोलायला लागली. “बाबा, चेहरा ठीक करा,” असंही म्हणाली.

पण मी मघाशी तिला उचलताना जे पाहिलं होतं ते डोळ्यांपुढून जात नव्हतं. तिला श्वास मिळत नव्हता आणि तिच्या पायाशी यंत्राचा दिवा निळा होता.

मुलीला दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. तिला आईजवळ ठेवून मी तसाच शनिवार पेठेत गेलो.

काका आता नाहीत, हे मी आधीच सांगून टाकतो. या भेटीनंतर वर्षभराने ते गेले. झोपेतच. शेजाऱ्यांकडून मला उशिराच कळलं. मी पोहोचलो तेव्हा घराला कुलूप होतं आणि चुलतभावाची मुलं सामान घेऊन गेली होती. त्या वर्षभरात मी त्यांच्याकडे जात राहिलो, पण त्याबद्दल सांगावं असं फार काही नाही. आम्ही चहा प्यायचो आणि ते माझी खेचायचे. सांगायचं आहे ते त्या एका दुपारचं.

त्यांनी दार उघडलं. मी बसलो नाही. ते म्हणाले, “काय झालं? तोंड का असं? यंत्र परत न्यायला आलात की काय?”

“काका, मुलीला काल दवाखान्यात न्यावं लागलं. दम्याचा झटका आला होता. आता बरी आहे.”

“अरे अरे. बसा आधी. मग यंत्र बंद होतं वाटतं?”

“चालू होतं. निळा दिवा होता.”

त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. मी बोलत राहिलो, कारण थांबलो असतो तर पुन्हा जिना उतरून गेलो असतो.

“तिचा पंप कधीच बंद झाला नव्हता, काका. मी तुम्हाला खोटं सांगितलं. डॉक्टरांनी आम्हाला आधीच सांगितलं होतं, यंत्राने धूळ कमी होते, शिंका कमी होतात, दमा जात नाही. मला हे माहीत होतं. तुम्ही दुकानात येणं बंद करावं म्हणून मी ते विकलं. तुम्ही ते तेव्हा आणलं असतं तर ताई वाचल्या असत्या की नाही, मला माहीत नाही. कुणालाच सांगता येणार नाही. पण शंभर टक्के म्हणायचा मला काहीही अधिकार नव्हता. तुम्ही ‘नाही’ ऐकायला रोज चालत येत होता आणि मी ते दिलं नाही. ते द्यायला आज आलोय. नाही, काका. या यंत्राने दमा जात नाही. माझं चुकलं. मला माफ करा.”