हाकेला ओ

बाजारात जे विकत मिळतं ते घरीच करून पाहायचं, ही शेलूबाजारच्या प्रसेनजितची लहानपणापासूनची खोड. हौसेला मोल नसतं म्हणतात. त्याच्या हौसेला पडलं, आणि ते बापाच्या जिवाचं पडलं.

मंगरूळपीरला एका खासगी वर्गात तो संगणक शिकवायचा. डेटाग्राम सॉकेटचा धडा त्याच्या खास आवडीचा. इकडच्या संगणकावर माणसानं अक्षरं टाइप करायची, ती पुडी बांधून तिकडच्या संगणकाकडे जाणार. "पुडी फेकली का आपलं काम सरलं," तो पोरांना बजावायचा. "पोचली का नाई, कोनी सांगत नाई. पोचपावती पाहिजे असन त तिकडून उत्तर येईन असं आपनच लिहाचं."

लोकांना शिकवताना त्याचं चुकत नव्हतं, चुकलं ते घरात.

त्यांच्या शेतात विहीर उताराखाली आणि मोटारीचा स्टार्टर वर, खांबाजवळच्या खोलीत. केबलला हात लावायचा असला की वडील, जानराव, विहिरीवरून ओरडायचे, "बंद कर वो!" लिलाबाई स्टार्टर बंद करायची आणि वरून सांगायची, "ओ! केली!" ती ओ कानावर आल्याशिवाय जानराव वायरला बोट लावत नसत. नाही आली तर पुन्हा हाक. लग्नापासूनचा हा नेम होता.

पुढे लिलाबाईचे गुडघे गेले, शेतापर्यंत चालवेना. मोबाइलवर चालणारे स्टार्टर दुकानात मिळत होते, पण आमच्या पठ्ठ्याला ते कसे चालतील? त्यानं एक जुना लॅपटॉप खोलीत नेऊन स्टार्टरला जोडला, दुसरा संगणक घरी आईपुढे ठेवला आणि मध्ये राउटर बसवले. तिनं 'चालू' नाहीतर 'बंद' टाइप करायचं. पडद्यावर 'पाठवलं' असं उमटायचं. तिकडून उत्तर यायचं त्यानं लिहिलंच नाही. मोटारीचा आवाज घरापर्यंत ऐकू येतोच, पोचपावती कशाला? लिलाबाई हरखली. गावभर सांगत सुटली, "मायं लेकरू लय हुशार आहे."

त्या दुपारी शेतातली लाइन गेलेली, घरची तेवढी चालू होती. केबलचा जोड सैल झाला होता, म्हणून जानरावांनी विहिरीवरून फोन केला, "बंद कर वो, जोड पाहाचा हाय." तिनं टाइप केलं. 'पाठवलं' उमटलं. "झाली बंद," असं फोनवर सांगून ती चुलीकडे वळली.

मोटार आधीच मुकी होती, त्यामुळे आवाजावरून काही कळायला मार्ग नव्हता. खोलीतला राउटर प्रसेनजितनं मोटारीच्याच लाइनीवर जोडलेला. लाइनीबरोबर तोही मेला होता. पुडी वाटेतच गेली. 'बंद' न मिळाल्यानं ऑटोवरच राहिलेला स्टार्टर लाइन येताच आपोआप चालू झाला, तेव्हा उघडी तार जानरावांच्या हातात होती.

गावाला कारण सापडायला वेळ लागला नाही. म्हातारीनं भलतंच बटण दाबलं, बाईमाणसाच्या हाती मशीन कायले द्याची, असं लोक दारात बसून बोलले. लिलाबाईलाही ते पटलं. ती दिव्याच्या बटणालाही हात लावेना. अंधारात बसून राहायची. प्रसेनजितला खरं काय ते स्टार्टरच्या खोलीतला कोरा लॅपटॉप पाहताक्षणी कळलं होतं. तरी तो गप्प राहिला. मला त्याचा रागही येतो आणि कीवही.

जानरावांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला, पाहुणे गेले. प्रसेनजितनं दोन्ही संगणक आणि शेतातून आणलेला राउटर आईपुढे मांडले. शेतातल्या राउटरची वायर तिच्यादेखत काढली.

"माय, बंद लिहिजो."

"नाई रे बापू. मले नको लावू हात."

"एकडाव लिही."

तिनं लिहिलं. पडद्यावर उमटलं, 'पाठवलं'. शेजारचा लॅपटॉप कोराच होता.

"तू बरोबरच लिवलं होतं माय. पोचलंच नाई. पोचलं का नाई हे इचाराचं म्या लिवलंच नव्हतं."

लिलाबाईनं त्या अक्षरांवर बोट टेकवलं.

"ओ येईस्तोवर तुये बाबा वायरले हात लावत नव्हते," ती म्हणाली. "त्या दिवशी म्याच ओ देली. तुया पडद्यावर भरोसा ठिवून देली."

ती भिंतीला धरून उठली आणि आत गेली. प्रसेनजितनं पाठीमागून हाक मारली, "माय!" मग पुन्हा मारली. आतून ओ आली नाही.