न चाखलेलं कालवण

मालवणी माणसाला पोटाचं काहीही झालं की तो आधी सोलकढी पितो, मग डॉक्टर शोधतो. मी तर डॉक्टरही शोधला नाही. वर्षभर छातीत जळजळ, घशाशी आंबट पाणी, आणि माझी सकाळ-दुपार-संध्याकाळ वाटी वाटी सोलकढी. तीही लसूण-हिरवी मिरची ठेचून घातलेली, कारण मिळमिळीत सोलकढीला आमच्यात कोणी विचारत नाही. पित्तावर उतारा म्हणून आंबट, तिखट आणि नारळाचं दाट दूध मीच पोटात ओतत होते. नवरा म्हणायचा, "आता सोलकढीतच आंघोळ करतलंस काय?" मी म्हणायचे, तुम्हाला काय कळतंय, पित्त मला झालंय.

नाहूरला आमच्या दोन खोल्यांतून मी माशांच्या जेवणाचे डबे देते. बारा डबे, अकरा वर्षं. नवऱ्याची कंपनी बंद पडल्यापासून घर त्यावरच चालतं. मी रांधते, तो स्कूटरवरून पोचवतो. त्यामुळे आजारी पडायची मला सवडच नव्हती.

शेवटी घोट गिळतानाही दुखायला लागलं तेव्हा घाटकोपरच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. काय काय खाता, त्यांनी विचारलं. म्हटलं, साधंच. भात, कालवण, चहा.

"आणि स्वयंपाक करताना चाखता?"

"चाखणं म्हणजे काय खाणं झालं?" मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. मला सकाळपासूनचं सगळं सांगायला लावलं. सहाला रिकाम्या पोटी कडक चहा. मग कालवणाचे थेंब तळहातावर, एकदा तिखटासाठी, एकदा मिठासाठी, एकदा कोकम उतरलं का बघायला. मग तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं. मग सुरमईचा तळलेला तुकडा, कुरकुरीत झालाय का म्हणून. दहा वाजेपर्यंत दुसरं काही नाही. आधी पोटोबा मग विठोबा म्हणतात, माझ्या घरात पोटोबाचा नंबर शेवटून पहिला होता. "म्हणजे तुमचा नाश्ताच तिखट रस्सा आहे," त्या म्हणाल्या. गोळ्या दिल्या, आणि सांगितलं की प्रत्येकाला वेगळं बाधतं, तेव्हा पंधरा दिवस लिहून ठेवा, काय खाल्लं आणि मग काय झालं. आणि तिखट चाखणं सध्या पूर्ण बंद.

खाण्याचं मी जमवलं. त्यात कोणाच्या बापाचं ऐकलं नसतं मी, एकदा ठरवलं की ठरवलं. सकाळी चहाआधी उकड्या तांदळाची पेज, चिमूटभर मीठ घालून. पेजेनंतर अर्धा कप चहा चालतो, हे लिहिल्यावरच कळलं. तळलेले बोंबील बाधतात, हळद-मीठ लावून वाफवलेलं पापलेट अजिबात बाधत नाही. दुधी, मुगाचं वरण, पिकलेली पपई, सगळं गुण्यागोविंदाने राहिलं पोटात. टोमॅटो नाही. रात्रीचं जेवण साडेसातला, मग लगेच आडवं व्हायचं नाही. सोलकढीपुढे "जळजळ" असं लिहिताना मात्र हात जड झाला. चार वेळा लिहावं लागलं, तेव्हा कुठे विश्वास बसला. महिन्याभरात छाती निवली.

पण चाखणं? तिथे मी घाबरले, खरं सांगते. माझ्या हाताची चव आहे म्हणून बारा घरांत माझा डबा जातो. न चाखता खारट झालं, अळणी झालं, तर एक डबा सुटेल, मग दुसरा. मग आम्ही दोघांनी काय करायचं? पहिले दोन दिवस मी डोळे मिटून, चोरून चाखलं. दोन्ही दिवस जळजळ झाली.

मग डोक्यात आलं, अगं बाई, गणपतीत तू पंचवीस माणसांचं रांधतेस. नैवेद्य दाखवेपर्यंत एक थेंब जिभेवर ठेवत नाहीस. कधी बिघडलंय? आईने शिकवलं होतं, मीठ पडलं की उकळीचा वास बदलतो, नाक उघडं ठेव. मग देवाला चालतं ते डब्याला का चालू नये?

दुसऱ्या दिवशी बांगड्याचं कालवण केलं. बांगडे धुताना मीठ चोळलेलं, तेवढं वजा धरलं. वासाला तिरफळं घातली, झाकण काढून वास घेतला, आणि गॅस बंद केला. डबे गेले. मी ओट्याशी उभी राहून फोनकडे बघत होते.

अडीचला फोन आला. पलीकडच्या गल्लीतले मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले, पहिल्या वर्षापासूनचं गिऱ्हाईक. "वहिनी, आजचं कालवण कोणी केलं?"

मनात म्हटलं, वाट लागली. "मीच केलं. का हो?"

"नाही, पूर्वीसारखं झालंय. गेलं वर्षभर मीठ फार पडत होतं. तिखटही."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगणार कसं? तुम्ही एवढ्या मनापासून करता. मी वरून ताक प्यायचो."

मी फोन ठेवला. वर्षभर घशाशी आंबट येत होतं, त्यात जीभही बधिर झाली होती. मला अळणी लागायचं, मी मीठ टाकत जायचे. ज्या चाखण्यावर माझा एवढा भरवसा, तेच माझा डबा बिघडवत होतं.

नवरा नुकताच जेवायला बसला होता. मी विचारलं, "तुम्हालाही कळत होतं?"

त्याने मान वर केली नाही. "तुका आधीच जळजळ होत होती. त्यात मी आणि काय सांगू?"

वर्षभर तो ते खारट कालवण मुकाट जेवत होता, वर भात मागून घेत होता, आणि मी समजत होते, त्याला आवडतंय. मला त्याचा राग आला आणि रडूही आलं. "यापुढे रोज सांगायचं," मी म्हटलं, आणि त्याच्या ताटात अजून थोडं कालवण वाढलं.